पिवळा साका आणि खरा तराजू : मार्टिन हाइनरिख क्लाप्रोट

स्मरणिकेच्या पानांवर थोर पुरुषांची चरित्रे देण्याची प्रथा जुनी आहे आणि ती योग्यही आहे. ज्या मुलांना घरापासून दूर राहून शिकावे लागते, त्यांना आपल्याआधी या वाटेने कोण कोण गेले हे कळले, तर वाट थोडी ओळखीची होते. या वेळी आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते मार्टिन हाइनरिख क्लाप्रोट हे जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञ होत. युरेनियम या मूलद्रव्याचे शोधक म्हणून त्यांचे नाव जगभरच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत आहे. परंतु केवळ तेवढ्यासाठी आम्ही त्यांची निवड केलेली नाही. हाती जेवढे आले तेवढेच लिहायचे आणि जे दुसऱ्याचे आहे ते दुसऱ्याच्याच नावे ठेवायचे, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम होता. या नियमाची खरी कसोटी त्यांच्या सर्वांत गाजलेल्या शोधातच लागली, कारण त्या शोधात एक मोठी उणीवही राहून गेली होती. ती उणीव कोणती आणि तरीही तो शोध का टिकला, हे समजून घेणे आमच्या मते प्रत्येक विद्यार्थ्याच्या हिताचे आहे.

जर्मनीतील हार्झ पर्वताच्या पायथ्याशी वेर्निगेरोडे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १ डिसेंबर १७४३ रोजी क्लाप्रोट यांचा जन्म झाला. वडील शिंपी होते. घरची स्थिती बेताची असली तरी चूल पेटत होती. पण १७५१ मध्ये गावात आग लागली आणि तिच्यात या कुटुंबाचे होते नव्हते ते गेले. त्या वेळी मार्टिन जेमतेम सात-आठ वर्षांचे होते. पुढे लॅटिन शाळेत शिकत असताना चर्चच्या गायनवृंदात गाऊन ते आपल्या शिक्षणाच्या खर्चाला हातभार लावीत. त्यांनी धर्मोपदेशक व्हावे असा आरंभी विचार होता; परंतु तेवढे शिक्षण पुरे होण्यासारखी परिस्थिती राहिली नाही. १७५९ मध्ये क्वेडलिनबुर्ग येथील एका औषधशाळेत ते उमेदवार म्हणून दाखल झाले.

त्या काळची औषधशाळा म्हणजे आजच्यासारखे तयार गोळ्यांचे दुकान नव्हते. पाने, मुळे, खनिजे आणि क्षार आणून ते तेथेच कुटावे, उकळावे, गाळावे आणि ऊर्ध्वपातनाने शुद्ध करावे लागत. खल, मूस, भट्टी आणि तराजू ही तेथली रोजची साधने होती. वरकाम, साफसफाई आणि दुकानदारी यांतच उमेदवाराचा बहुतेक वेळ जाई. शास्त्र म्हणून कोणी काही शिकवीत नसे. क्लाप्रोट यांनी तेथे हात कमावले. डोळे उघडले ते नंतर, १७६६ मध्ये हॅनोव्हरला गेल्यावर, जेव्हा रसायनशास्त्रावरची चांगली पुस्तके त्यांच्या वाचनात आली. मग बर्लिन, तेथून डान्झिग आणि पुन्हा बर्लिन असा त्यांचा प्रवास झाला. विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी ते कधीच चढले नाहीत. जे शिकले ते कामाच्या जागी, दिवसभराच्या कष्टानंतर वाचून आणि करून पाहून शिकले.

१७७१ मध्ये बर्लिनमध्ये ते व्हॅलेंटिन रोझे यांच्या औषधशाळेत साहाय्यक म्हणून लागले. रोझे हे स्वतः चांगले रसायनज्ञ होते. पण काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले. मागे कुटुंब, लहान मुले आणि औषधशाळा उरली. क्लाप्रोट त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. स्वतःचे बस्तान बसवण्यासाठी ते तेथून निघून गेले असते, तरी कोणी दोष दिला नसता. ते गेले नाहीत. पुढची नऊ वर्षे त्यांनी ती औषधशाळा सांभाळली आणि रोझे यांच्या मुलांच्या शिक्षणाकडे स्वतः लक्ष दिले. या मुलांपैकी व्हॅलेंटिन, ज्यांना इतिहासात धाकटे रोझे म्हणतात, पुढे नामवंत औषधशास्त्रज्ञ झाले. या गोष्टीचे फळ किती दूरवर गेले, ते आम्ही पुढे सांगणारच आहोत.

१७८० मध्ये क्लाप्रोट यांचा विवाह क्रिस्टियाने सोफी लेहमान यांच्याशी झाला. बीटमध्येही उसासारखीच साखर असते हे १७४७ मध्ये दाखवून देणारे आंद्रेआस मार्गग्राफ यांची ती भाची. त्याच वर्षी क्लाप्रोट यांनी बर्लिनमध्ये स्वतःची औषधशाळा विकत घेतली आणि तिच्याच आवारात प्रयोगशाळा थाटली. दिवसा औषधे आणि उरलेल्या वेळात खनिजांचे पृथक्करण, असा त्यांचा क्रम सुरू झाला. १७८८ मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले.

क्लाप्रोट यांनी नेमके काय वेगळे केले, हे येथे सांगणे आवश्यक आहे. खनिजाचे पृथक्करण करणे म्हणजे त्यातील घटक एकेक करून बाजूला काढणे आणि तोलणे. शंभर भाग खनिज घेतले, तर सर्व घटकांची बेरीज शंभर यायला हवी. प्रत्यक्षात ती क्वचितच येते. काही भाग गाळताना जातो, काही मुशीला चिकटतो, काही वाफ होऊन उडतो. अनेक रसायनज्ञ अशा वेळी आकडे थोडे इकडेतिकडे करून बेरीज जुळवून टाकीत. क्लाप्रोट यांनी ती प्रथा मोडली. जेवढी तूट आली तेवढी त्यांनी तूट म्हणूनच लिहिली. साका भट्टीत तापवून, वजन स्थिर होईपर्यंत पुन्हापुन्हा तोलूनच ते आकडा टिपत. खनिज कुटताना खलाचा दगड झिजून त्यात मिसळतो, हे लक्षात आल्यावर त्यांनी त्या झिजेचाही हिशेब धरला. ही तूट लिहून ठेवण्याची सवय केवळ सचोटीची नव्हती, ती शोधाचे साधनही होती. बेरीज शंभर होत नसेल, तर एक तर हात चुकला असेल किंवा खनिजात असे काही असेल जे अजून कोणालाच ठाऊक नाही. ज्याने आकडे जुळवून टाकले, त्याने तो दरवाजा स्वतःच बंद करून घेतला.

१७८९ हे वर्ष क्लाप्रोट यांच्या आयुष्यात असाच दरवाजा उघडण्याचे ठरले. त्या वर्षी त्यांनी सिंहलद्वीपाहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेहून, आलेल्या झिरकॉन या रत्नखनिजाचे पृथक्करण करून एक नवी मृत्तिका ओळखली. तीच झिरकोनियमची ओळख. त्याच वर्षी त्यांनी सॅक्सनीतील योहानगेओर्गेनश्टाट येथील खाणीतून आलेले पिचब्लेंड नावाचे काळे, जड खनिज हाती घेतले. हे खनिज जस्ताचे किंवा लोखंडाचे असावे अशी तेव्हाची समजूत होती. क्लाप्रोट यांनी ते नायट्रिक आम्लात विरघळवले आणि त्या द्रावणात अल्कली घालून आम्ल मारले. तेव्हा तळाशी एक पिवळा साका बसला. जस्ताचा किंवा लोखंडाचा साका असा दिसत नाही आणि असा वागतही नाही. २४ सप्टेंबर १७८९ रोजी त्यांनी अकादमीपुढे जाहीर केले की, या खनिजात एक नवा धातू आहे. आठ वर्षांपूर्वी विल्यम हर्शेल यांनी नवा ग्रह शोधला होता आणि बर्लिनचेच खगोलज्ञ बोडे यांनी त्याला युरेनस हे नाव सुचवले होते. त्या ग्रहावरून या धातूला युरेनियम हे नाव पडले.

या पिवळ्या साक्याचे रसायनशास्त्र थोडे समजून घेऊ या, कारण आमच्या चरित्रनायकाची कसोटी त्यातच दडलेली आहे. शालेय पुस्तकांत ज्याला अवक्षेप म्हणतात तोच हा साका. आम्लात विरघळलेले युरेनियम एकटे नसते. त्याच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन अणू घट्ट बिलगलेले असतात आणि ही त्रयी एकत्रच फिरते. तिला युरॅनिल म्हणतात. द्रावणाचा पिवळा रंग तिचाच. अल्कली घातल्यावर ही युरॅनिल त्रयी अल्कलीच्या धातूला सोबत घेऊन न विरघळणारा क्षार बनवते. सोडा वापरला तर सोडियमचा, पोटॅश वापरला तर पोटॅशियमचा. आणि अमोनियाचे पाणी वापरले, तर जो पिवळाधमक क्षार तळाशी बसतो, त्याला अमोनियम डाययुरेनेट म्हणतात. कागदावरच्या सूत्राप्रमाणे त्यात युरेनियमचे दोन अणू, ऑक्सिजनचे सात आणि अमोनियमचे दोन गट असतात; म्हणजे शंभर ग्रॅम कोरड्या क्षारात सुमारे शहात्तर ग्रॅम युरेनियम. प्रत्यक्षात मात्र हा साका इतका शिस्तीचा नाही. द्रावण किती आम्लधर्मी होते, किती गरम होते, अमोनिया किती वेगाने घातला, यांवर त्यातील अमोनियम आणि पाणी यांचे प्रमाण बदलत जाते. एकाच नावाखाली तो जवळच्या नात्यातील अनेक संयुगांचा समूह आहे.

अमोनियाचे वैशिष्ट्य कशात आहे, हे आपल्याकडच्या एका ओळखीच्या गोष्टीवरून कळेल. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकतो, तेव्हा पांढरा धूर निघतो आणि नवसागर दिसेनासा होतो. नवसागर हा अमोनियमचाच एक क्षार. उष्णता लागताच अमोनियम वायुरूप होऊन निघून जाते. सोडियम किंवा पोटॅशियम असे जात नाही. ते मुशीत मागे राहते आणि वजनात मिसळते. म्हणून ज्याला युरेनियम नेमके तोलायचे आहे, त्याने अमोनियाचाच आधार घ्यावा. साका तापवला की आधी पाणी आणि अमोनिया उडून नारिंगी रंगाचा ऑक्साइड उरतो. आणखी तापवला की काळसर हिरवा ऑक्साइड तयार होतो, ज्यात युरेनियमच्या तीन अणूंमागे ऑक्सिजनचे आठ अणू असतात. त्या ऑक्साइडच्या वजनात युरेनियम सुमारे पंचाऐंशी टक्के असते. या वजनावरून मूळ खनिजात किती युरेनियम होते याचा हिशेब मांडण्याची रीत रसायनज्ञांनी दीर्घकाळ वापरली.

ही रीत दिसते तेवढी सोपी नाही. अमोनियात कार्बोनेटचा अंश असेल, तर युरेनियम खाली बसण्याऐवजी कार्बोनेटशी संगनमत करून द्रावणातच राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषलेला जुना अमोनिया यासाठीच चालत नाही. हाच दोष दुसऱ्या ठिकाणी गुण ठरतो. लोखंड आणि युरेनियम एकत्र खाली बसले असतील, तर त्यांवर अमोनियम कार्बोनेट घालावे. युरेनियम पुन्हा विरघळते आणि लोखंड तसेच तळाशी राहते. साका निव्वळ पाण्याने धुतला तर त्याचे बारीक कण गाळणीतून निसटतात. म्हणून धुण्याच्या पाण्यात थोडे अमोनियम नायट्रेट घालावे लागते. अशा बारीकसारीक काळज्यांवरच पृथक्करण खरे की खोटे हे ठरते. क्लाप्रोट यांनी रसायनशास्त्राला दिलेला वारसा या काळजीचा आहे.

आता त्या उणिवेकडे वळू. पिवळा साका मिळाल्यावर क्लाप्रोट यांनी तो कोळशाबरोबर भट्टीत खूप तापवला. त्या काळी ऑक्साइडपासून धातू काढण्याची ती प्रस्थापित रीत होती. त्यांच्या हाती काळी, धातूसारखी भासणारी भुकटी आली. हाच नवा धातू, असे त्यांनी मानले आणि पुढची पन्नास वर्षे सर्वांनी तसेच मानले. १८४१ मध्ये फ्रान्समधील यूजेन पेलिगो यांनी युरेनियमच्या क्लोराइडवर पोटॅशियमची क्रिया करून खरा धातू मिळवला आणि क्लाप्रोट यांची काळी भुकटी ही धातू नसून ऑक्साइड असल्याचे सिद्ध केले. तिच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे बारा ग्रॅम ऑक्सिजन होता. युरेनियमची ऑक्सिजनवरची पकड इतकी घट्ट की कोळशाच्या भट्टीने तो सुटला नाही. एकेका कणाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या तराजूत शंभरातले बारा ग्रॅम न ओळखता बसून राहिले होते.

मग त्यांचा शोध खोटा ठरला काय? मुळीच नाही. पिचब्लेंडमध्ये ज्ञात असलेल्या कोणत्याही धातूशी न जुळणारा एक धातू आहे, हे त्यांचे प्रतिपादन त्या पिवळ्या साक्याच्या वर्तनावर उभे होते आणि ते वर्तन त्यांनी जसेच्या तसे नोंदवले होते. काय घेतले, कशात विरघळवले, काय घातले, कोणता रंग आला, किती वजन भरले, हे सर्व इतके स्पष्ट होते की पुढच्या पिढीला तेथूनच पुढे जाता आले. पेलिगो यांनी क्लाप्रोट यांचा निष्कर्ष दुरुस्त केला. नोंदी दुरुस्त करण्याची गरज पडली नाही. निष्कर्ष काळाच्या साधनांवर अवलंबून असतो आणि तो चुकू शकतो. नोंद मात्र लिहिणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून असते. आम्हाला या चरित्रातून जे सांगायचे आहे, त्याचे सार एवढ्यात आले.

ही सचोटी केवळ आकड्यांपुरती नव्हती. १७९५ मध्ये क्लाप्रोट यांनी रुटाइल या खनिजात नवे मूलद्रव्य ओळखले आणि त्याला ग्रीक पुराणकथांतील पृथ्वीपुत्रांवरून टायटॅनियम हे नाव दिले. ज्या पदार्थाचे गुणधर्म अजून पुरते कळलेले नाहीत, त्याला गुणवाचक नाव देऊ नये, कारण चुकीचे नाव चुकीची समजूत पसरवते, असा त्यांचा विचार होता. पुढे त्यांना आढळले की, विल्यम ग्रेगर या इंग्लंडमधील पाद्र्याने १७९१ मध्येच कॉर्नवॉलच्या वाळूत हेच मूलद्रव्य पाहिले होते. क्लाप्रोट यांनी ते पडताळून पाहिले आणि पहिला मान ग्रेगर यांचा असल्याचे मोकळेपणाने मान्य केले. टेल्युरियमच्या बाबतीतही असेच घडले. ट्रान्सिल्व्हेनियातील सोन्याच्या खनिजात म्युलर फॉन राइखेनश्टाइन यांना १७८२ मध्ये एक अपरिचित धातू दिसला होता, परंतु त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. त्यांनी नमुना क्लाप्रोट यांच्याकडे पाठवला. क्लाप्रोट यांनी तो नवा धातू असल्याचे सिद्ध केले, १७९८ मध्ये त्याला नाव दिले आणि शोधाचे श्रेय म्युलर यांनाच दिले. बर्लिनच्या अकादमीत बसलेल्या विख्यात माणसाला दूरच्या, दुर्लक्षित माणसाचे श्रेय स्वतःकडे घेणे अवघड नव्हते. त्यांनी ते घेतले नाही.

याहूनही मोठी परीक्षा एका विचाराच्या बाबतीत झाली. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूतून फ्लोजिस्टन नावाचे द्रव्य बाहेर पडते, असा सिद्धान्त जर्मन रसायनज्ञांनीच मांडलेला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. फ्रान्समधील लाव्हाझिए यांनी तराजूच्या आधाराने तो खोटा ठरवला; जळणे म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी संयोग होणे, असे त्यांनी दाखवले. जर्मनीत अनेकांना हा फ्रेंचांचा उद्दामपणा वाटला. क्लाप्रोट यांनी वाद घालण्याऐवजी १७९२ मध्ये ते प्रयोग अकादमीच्या सदस्यांसमोर पुन्हा करून दाखवले. तराजूने लाव्हाझिए यांच्या बाजूने कौल दिला आणि क्लाप्रोट यांनी तो स्वीकारला. त्यांच्या शब्दाला वजन असल्यामुळे जर्मनीत नवे रसायनशास्त्र रुजण्यास मोठी मदत झाली. आपल्या देशाचा, आपल्या गुरुजनांचा म्हणून एखादा विचार धरून ठेवायचा, की पडताळून पाहून सोडायचा, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी प्रयोगशाळेत दिले.

१८१० मध्ये बर्लिनचे नवे विद्यापीठ सुरू झाले. तेथील रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून क्लाप्रोट यांची नियुक्ती झाली. ज्याला विद्यार्थी म्हणून विद्यापीठ लाभले नाही, तो वयाच्या सदुसष्टाव्या वर्षात विद्यापीठात शिकवू लागला. त्यांच्या खनिजपृथक्करणांचा सहा खंडांचा ग्रंथ १७९५ ते १८१५ या काळात प्रसिद्ध झाला. १ जानेवारी १८१७ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय त्र्याहत्तर वर्षांचे होते.

त्यांच्या पश्चात घडलेल्या दोन गोष्टी आमच्या वाचकांना विशेष भावतील. ज्या रोझे कुटुंबाला त्यांनी तरुणपणी आधार दिला, त्या धाकट्या रोझे यांचे दोन पुत्र, हाइनरिख आणि गुस्टाव्ह, पुढे त्याच बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. हाइनरिख रोझे यांनी १८४४ मध्ये नायोबियम हे मूलद्रव्य टँटलमपासून वेगळे ओळखून त्याला नाव दिले. गुस्टाव्ह हे मोठे खनिजशास्त्रज्ञ ठरले. पितृछत्र हरपलेल्या एका मुलाचे शिक्षण थांबू दिले नाही, म्हणून पुढच्या पिढीत शास्त्राला दोन आचार्य मिळाले. वसतिगृहाच्या आधाराने शिकलेल्या कोणालाही या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या पुत्राची. युलियुस क्लाप्रोट यांचा जन्म १७८३ चा. ते वडिलांच्या मुशीभट्टीकडे न वळता आशियाच्या भाषांकडे वळले. चिनी, मंगोल आणि मांचू भाषांतील ग्रंथ त्यांनी अभ्यासले. १८२३ मध्ये पॅरिसमध्ये निघालेल्या आशियातील भाषांवरील त्यांच्या ग्रंथात मंगोल साधनांवरून लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र आहे. युरोपीय वाचकांपुढे बुद्धचरित्र मांडण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात येऊन गेलेल्या फाहियान या चिनी भिक्खूच्या प्रवासवर्णनाचे जे फ्रेंच भाषांतर आबेल रेम्युझा यांनी केले होते, ते त्यांच्या मृत्यूनंतर पुरे करण्याच्या कामातही युलियुस यांचा वाटा होता. ते भाषांतर १८३६ मध्ये, युलियुस यांच्या निधनानंतर एका वर्षाने प्रसिद्ध झाले. पित्याने सिंहलद्वीपाच्या रत्नात नवे मूलद्रव्य पाहिले, पुत्राने आशियाच्या ग्रंथांत बुद्धांचा शोध घेतला.

क्लाप्रोट यांना आपल्या पिवळ्या साक्याचे एक रहस्य मात्र कधीच कळले नाही. १८९६ मध्ये आंरी बेकरेल यांना युरेनियमच्या क्षारातून न दिसणारे किरण आपोआप बाहेर पडत असल्याचे आढळले. तराजूला हे किरण जाणवत नाहीत. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्यूरी यांनी पिचब्लेंडमधूनच पोलोनियम आणि रेडियम यांचा छडा लावला, कारण त्या खनिजाचा किरणोत्सार त्यातील युरेनियमच्या मानाने फारच अधिक होता. पुन्हा एकदा हिशेब जुळत नव्हता आणि पुन्हा एकदा न जुळलेल्या हिशेबातच शोध होता. येथे आणखी एका नोंदीचा उल्लेख आम्हाला कर्तव्य वाटतो. सॅक्सनीतील त्या डोंगरांत पिढ्यान्पिढ्या खाणकामगार फुफ्फुसांच्या रोगाने अकाली मरत होते. १८७९ मध्ये दोन डॉक्टरांनी श्नेबर्गच्या कामगारांचा हा रोग म्हणजे फुफ्फुसातील मारक अर्बुद असल्याचे दाखवले. त्यामागे खाणीतील किरणोत्सारी वायू आहे, हे विसाव्या शतकात उमगले. खनिज ज्यांनी खणले, त्यांच्या श्रमाचा आणि श्वासाचा रकाना कोणाच्याच वहीत नव्हता. शास्त्राचा हिशेब पुरा व्हायचा असेल, तर तो रकानाही भरला पाहिजे. याच धातूने १९४५ मध्ये हिरोशिमाचा विध्वंस केला, हेही त्या हिशेबात लिहावे लागते.

आज हाच पिवळा क्षार आपल्याही देशात तयार होतो. मुंबईजवळ तुर्भे येथे होमी भाभा यांच्या काळात युरेनियम धातूचा कारखाना उभा राहिला आणि जानेवारी १९५९ मध्ये तेथे अणुभट्टीला चालेल इतक्या शुद्ध युरेनियमची पहिली लगड तयार झाली. पुढे हैदराबादच्या अणुइंधन संकुलात याच मार्गाने इंधन बनू लागले. झारखंडमधील जादुगुडा येथील खनिजापासून मिळालेला कच्चा पिवळा माल नायट्रिक आम्लात विरघळवतात, सेंद्रिय द्रावकाच्या साहाय्याने त्यातील मळ काढतात आणि मग अमोनिया सोडून अमोनियम डाययुरेनेट खाली बसवतात. तो तापवून अमोनिया घालवतात, हायड्रोजनच्या झोतात त्याचा काळा ऑक्साइड करतात, त्याच्या गोट्या दाबून सुमारे १७०० अंश सेल्सिअसला भाजतात. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या अशाच गोट्यांवर वीज निर्माण करतात. विशेष असे की, या गोट्यांतील काळा ऑक्साइड म्हणजे बहुधा क्लाप्रोट यांनी धातू समजून जपलेली तीच काळी भुकटी. ज्याला त्यांची चूक म्हटले गेले, तेच आज जगातील बहुतेक अणुवीजकेंद्रांचे इंधन आहे. हा योगायोग त्यांना न्याय देण्यासाठी पुरेसा नाही आणि त्यांना त्याची गरजही नाही. त्यांना न्याय त्यांच्या वहीनेच दिला आहे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण पुढे प्रयोगशाळेत जातील, काही शेतात, काही दुकानात, कचेरीत किंवा रुग्णालयात. तराजू प्रत्येकाच्या हाती असेल. फक्त त्याचे रूप वेगळे असेल. बेरीज जुळत नसली तर ती जुळवू नये, तूट तूट म्हणून लिहावी, दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला द्यावे, आणि उघड्यावर पडलेल्या घरातल्या मुलाचे शिक्षण होता होईल तो थांबू देऊ नये. शिंप्याच्या घरी जन्मलेल्या, आगीत सर्वस्व गमावलेल्या एका मुलाने एवढे साधले. इतक्या वर्षांनंतरही त्याने लिहिलेले आकडे कोणी खोटे म्हणत नाही.